पाणमांजराचं बिऱ्हाड

गोंदिया जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की आमच्या कराडात पहिला प्रश्न येतो, "वाघ दिसला का?" मी नाही म्हणतो. मग समोरचा माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतो. पाणमांजर बघायला गेलो होतो असं सांगितलं की ती कीव वाढते. एक शेजारी तर म्हणाले, "डॉक्टर, मांजर बघायला एवढ्या लांब कशाला? आमच्या गच्चीवर रोज भांडतात."

म्हणून आधीच सांगतो, पाणमांजर हे मांजर नव्हे. परदेशातले वीझल आणि फेरेट हे छोटे शिकारी प्राणी ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे पाण्यात राहणारं जनावर. अंग मुंगसासारखं लांब, वजन एखाद्या गावठी कुत्र्याच्या जवळपास, बोटांमध्ये बदकासारखे पडदे आणि शेपूट वल्ह्यासारखी चपटी. नदी, तळं आणि मासे हे सगळं चांगलं असेल तरच टिकतं. आमच्या कृष्णा-कोयनेच्या काठी पूर्वी पाणमांजरं होती असं जुने लोक सांगत. सांगणारे आता राहिले नाहीत आणि पाणमांजरंही नाहीत.

मी जनावरांचा डॉक्टर. सगळी नोकरी गायी-म्हशींच्या दाव्यांशी गेली. जंगली जनावराला हात लावायची वेळ कधी आली नाही, आणि यावी असंही कधी वाटलं नव्हतं. नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजात वासुदेव माझा खोलीतला सोबती होता. गोंदिया जिल्ह्यातल्या कोहळी घरातला. निवृत्त झाल्यावर तो आपल्या गावी जाऊन भातशेती करू लागला. थंडीत एक दिवस त्याचा फोन आला.

"काऊन रे, जिवंत आहेस ना? आमच्या तलावात पाणमांजरीनं पिल्लं काढली. पिल्लं बाहेर येऊन राहिली आता. ये लवकर. मोठी झाली का निघून जाईन सारं बिऱ्हाड."

त्याच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

गोंदिया ते कोहमारा

सकाळी गोंदियाला उतरलो तर स्टेशनवर पिवळ्या झेंड्यांची गर्दी. माघ पौर्णिमा जवळ आली होती आणि गोंड लोकांचे जथे कचारगडच्या यात्रेला निघाले होते. बायका, म्हातारे, डोक्यावर बोचकी, ढोल. एका आजींना मी मराठीत जागा मागितली, त्यांनी गोंडीत उत्तर दिलं आणि शेजारच्या माणसाने ते मला हिंदीत सांगितलं. चहावाला, रिक्षावाला, समोसेवाला सगळे हिंदी. महाराष्ट्रात आहोत हे स्टेशनवरच्या पाटीवरून पटवून घ्यावं लागत होतं. वासुदेव आला आणि लांबूनच ओरडला, "अरे, किती म्हातारा होऊन गेलास!" तेव्हा कुठे मराठी कानावर पडली.

त्याच्या गाडीतून निघालो. भात निघून गेलेली शेतं आणि त्या खुंटांतच उगवून आलेली लाखोरी, निळ्या फुलांची डाळ. आमच्याकडे ऊस तुटला की जमीन नांगरून पडते. इथे भात उभा असतानाच ओल्या चिखलात लाखोरी फेकून देतात आणि ती आपली आपण वाढते. मध्येच सागाचं जंगल येतं, मध्येच एखादं तळं. आमच्याकडे पाणी म्हणजे धरण, कालवा, मोटार आणि भांडण. इथे गावागणिक आपापलं तळं. बहुतेक तळी वासुदेवच्या पूर्वजांनी, म्हणजे कोहळ्यांनी, बांधलेली. हे मी कौतुकाने बोललो तर तो म्हणाला, "त्यांनी बांधले. आम्ही गाळ काढाले बी भारी."

कोहमाऱ्याच्या फाट्यावर ढाब्यावर थांबलो. हमरस्त्यावरून ट्रकांची रांग वाहत होती. मला भूक लागली होती म्हणून भाकरी मागितली. पोऱ्या नव्हता, मालकच वाढत होता, तो वासुदेवकडे वळून म्हणाला, "पाहुणे बाहेरचे दिसून राहिले जी." मग भात, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची तिखटजाळ भाजी आली. पुढच्या सगळ्या दिवसांत मी भातच खाल्ला, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. वासुदेवच्या बायकोने, लताबाईंनी, शेवटी माझ्यासाठी तांदळाच्या पिठाची भाकरी थापली. म्हणजे तोही भातच.

पाळीवर

तळं गावाच्या उत्तरेला. तीन बाजूंना मातीची उंच पाळ, चौथ्या बाजूने जंगलातून एक नाला येऊन मिळतो. नाला मिळतो तिथे काठाला एक जुना अर्जुन वृक्ष होता. त्याची निम्मी मुळं पाण्याच्या वर उघडी पडलेली, आणि त्या मुळांच्या आत पाणमांजरांचं बीळ. वासुदेव रोज सकाळी उजाडताच पाळीवर जाऊन बसायचा. लतावहिनी हसून म्हणाल्या, "भाऊजी, पोरांच्या शाळेसाठी हे कधी उठले नाहीत. आता पाणमांजराच्या पोरांसाठी उठून राहिले."

पहिल्या सकाळी धुकं होतं. बराच वेळ काही दिसलं नाही. मग पाण्यावर शिट्टी वाजली. पक्षी असेल असं मला वाटलं. वासुदेवने माझं कोपर दाबलं. धुक्यातून दोन डोकी आली, पाण्यावर तरंगत्या नारळांसारखी, मागे लांब रेघ ओढत. नर आणि मादी. दोघं बाजूबाजूने पुढे सरकत मासे उथळाकडे ढकलत होती. काठाजवळ पाणी एकदम उसळलं. मादीच्या तोंडात रोहू होता. तिने तो पुढच्या दोन पंजांत धरला आणि डोक्यापासून खायला सुरुवात केली. कडकड आवाज आमच्यापर्यंत येत होता.

मग ती अर्जुनाच्या मुळांत गेली आणि पिल्लं घेऊन बाहेर आली. तीन होती, करड्या लोकरीच्या गुंडाळ्यांसारखी. मला वाटलं होतं की पाण्यातल्या जनावराची पिल्लं पाण्यात उडीच मारत असतील. कसलं काय! काठावर येऊन ती रडायला लागली. एकाने मुळाला चारी पायांनी मिठी मारली. आईने त्याची मानगूट धरली, ओढून पाण्यात नेलं, बुडवलं, वर काढलं, पुन्हा बुडवलं. पिल्लू फुत्कारत, नाक शिंकरत परत काठाला. तिने पुन्हा उचललं. आमच्या गावच्या विहिरीत मला पोहायला शिकवलं तेही असंच होतं, आणि मीही तसाच ओरडलो होतो.

पोहणं संपलं की सगळी वाळूवर येऊन लोळायची. पाठीवर, पोटावर, एकमेकांच्या अंगावर, केस कोरडे होईपर्यंत. एक ठरावीक जागा होती, तिथे सगळी आळीपाळीने विष्ठा टाकायची. माशांचे खवले आणि काटे यांनी ती जागा पांढरी झाली होती. "ही त्यांची दरवाजावरची पाटी," वासुदेव म्हणाला. "इथं आमी राहतो, म्हणून सांगून राहिले सगळ्याईले."

त्याने याविषयी खूप वाचलं होतं. अमेरिकेत काळ्या पायांचा एक फेरेट आहे, तो जगातून संपला असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं. मग एका शेतावरच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणून टाकला, तेव्हा कळलं की कुठेतरी अजून उरलेत. ही गोष्ट वासुदेवने मला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आपल्या पाणमांजरासाठी असं कुत्रं कोन पाठवते?"

ती सगळी पाण्यात उतरल्यावर मी ती पांढरी जागा जवळून बघायला गेलो आणि गुडघ्यापर्यंत गाळात रुतलो. एक चप्पल आतच राहिली. मी तिथे एका पायावर उभा राहून काय करावं याचा विचार करत असताना मागून हसू आलं. एक बाई डोंग्यात उभी होती, हातात बांबू, कमरेला पदर खोचलेला.

"काऊन जी, मासे पायानं पकडता का?"

ही पुनाबाई. ढिवर समाजाची, पन्नाशीच्या पुढची. तळ्यातली मासेमारी त्यांच्या संस्थेकडे होती आणि पुनाबाई नवरा गेल्यापासून एकटी जाळी टाकायची. तिने बांबूने माझी चप्पल काढून दिली. मग वासुदेवला बघून तिचा आवाज बदलला.

"तुमच्या त्या लाडक्याईनं काल पुन्हा माहं जारं फाडलं." जाळ्याला ती जारं म्हणायची. तिने ते उचलून दाखवलं. मध्ये हात जाईल एवढं भोक आणि बाजूला अर्धा खाल्लेला मासा लटकत होता. "ते बी मासे खाते, मी बी खातो. पर ते जारं शिवत नाई."

वासुदेवने पुन्हा तिला सांगितलं की अर्जुनाच्या बाजूला जाळं टाकू नकोस. ती म्हणाली, "नाईच टाकत. वारा नेते त्याले मी का करू?" दोघांचं हे भांडण रोजचं असावं, कारण ते संपल्यावर तिने त्याला एक मरळ दिली आणि वहिनींची खुशाली विचारली. त्या मरळीचा रस्सा आम्ही दुपारी भाताबरोबर खाल्ला. मला तो कोल्हापुरी रश्श्यापेक्षा बरा वाटला, पण हे कराडात कुठे बोलणार नाही.

पुढच्या सकाळीही आम्ही पाळीवर होतो, त्याच्या पुढच्याही. एकदा नराने मासा आणून काठावर टाकला आणि पिल्लांनी त्याचे लचके तोडले. मुळाला मिठी मारणारं पिल्लू तिसऱ्या सकाळी स्वतःहून पाण्यात गेलं, दोन हात लांब पोहलं, घाबरून वळलं आणि आईच्या पाठीवर चढलं. वासुदेवने माझ्या पाठीत थाप मारली, जणू त्याचाच नातू चालायला लागला होता.

नागझिरा

इथवर आलास तर नागझिरा बघून जा, असा वासुदेवचा आग्रह. तळं सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं हे मला दिसत होतं. पण पाहुणा म्हणून माझं कौतुक करायचं होतं. आम्ही पहाटे निघालो. त्या सकाळी पाळीवर कोणीच नव्हतं.

जंगल सुंदर होतं. उंच साग, मोहाची पानगळ, एका पाणवठ्यावर गव्यांचा कळप, नाकातून वाफ सोडत. पुढच्या जिप्सीतले लोक वाघाच्या मागे धावत होते. आमच्या गाइडला मी पाणमांजराबद्दल विचारलं. तो खूश झाला. "सर, त्याच्याबद्दल कोनी विचारतच नाही. वाघ दिसला नाही का चिडते आमच्यावर." तलावाच्या काठी त्याने विष्ठेची जुनी जागा दाखवली. आम्ही तिघं वाकून माशांचे खवले बघत होतो आणि मागच्या गाडीतली माणसं उभी राहून विचारत होती, "पगमार्क आहे का?"

अभयारण्यात फोनला रेंज नव्हती. दुपारी रस्त्याला लागल्यावर वासुदेवचा फोन एकदम वाजायला लागला. लतावहिनींचे बरेच फोन येऊन गेले होते. त्याने गाडी बाजूला घेतली, फोन लावला आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"मादी जारात अडकली," एवढंच तो म्हणाला. मग त्याने गाडी भरधाव सोडली.

गोणपाटाखाली

पाळीखाली माणसं जमली होती. पुनाबाई चिखलात फतकल मारून बसली होती. तिच्यासमोर ओल्या गोणपाटाखाली काहीतरी हलत होतं आणि ती पातेल्याने त्यावर पाणी ओतत होती. तिच्या डाव्या हाताला फडकं बांधलेलं, रक्ताने भिजलेलं.

"वाऱ्यानं जारं तिकडं नेलं," ती म्हणाली. वासुदेवकडे न बघता. "मी सकाळी आली तं हे अडकून होतं. काढाले गेली तं चावली मले. सोडवता नाई आलं. पानी घालून राहिली तेव्हापासून."

"दवाखान्यात नाही गेलीस?" मी विचारलं.

"हे कोनापाशी सोडू जी?"

वनरक्षक मंदा मोटरसायकलवरून आली होती. पंचविशीची, शांत मुलगी. तिने वरच्या साहेबांना फोन करून आमच्याकडून जाळं कापून घ्यायची परवानगी मिळवली होती. वासुदेवने गोणपाटासकट मादीला दाबून धरलं. पुनाबाईने स्वतः कात्री माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "कापा, सारं कापा." मी तिचं जाळं कापत गेलो.

मान सुटली. कंबर सुटली. पण पुढच्या उजव्या पंजाभोवती नायलॉनचा दोरा इतका आवळला होता की कातडी कापून हाडापर्यंत गेला होता. दोन बोटं काळी पडली होती. पंजाचा पडदा फाटला होता. मी पोटावरून हात फिरवला आणि तिथेच थांबलो. सड भरलेले होते. बोटाला दूध लागलं.

त्याच वेळी अर्जुनाच्या मुळांतून पिल्लांची शिट्टी आली. बारीक, एकापाठोपाठ एक. गोणपाटाखालचं अंग ताठ झालं आणि तिने उत्तर दिलं. इतक्या माणसांच्या मध्ये, दबलेल्या अवस्थेत, तिने शिट्टी मारली.

मंदा फोन कानाला लावून म्हणाली, "सर, साहेब विचारून राहिले, डॉक्टरांचं मत काय? इथंच सोडायची का नागपूरच्या उपचार केंद्रात पाठवायची?"

"सोड," वासुदेव लगेच म्हणाला. "पिल्लं पिऊन राहिली अजून."

"हाड उघडं आहे," मी म्हणालो. "गाळाच्या पाण्यात ही जखम कुजणार. आठवड्याभरात आई जाईल आणि मग पिल्लंही जातील."

"अन् आता नेली तं पिल्लं काय करतीन?"

"तूच म्हणालास ना, नर मासे आणतो पिल्लांना. मासे तोंडात घ्यायला लागलीत, आपण बघितलं. महिना काढतील."

पिल्लंही बरोबर नेता येतील का, असं मंदाने विचारलं. पण बीळ मुळांच्या खाली किती आत गेलंय कोणालाच ठाऊक नव्हतं. खणायला गेलो असतो तर माती आत कोसळली असती. साहेबांनीही फोनवरून खणू नका म्हणून सांगितलं.

वासुदेव माझ्याकडे बघत राहिला. आम्ही दोघेही डॉक्टर, दोघांचाही आयुष्यभराचा अनुभव. त्याचे हात मादीच्या पाठीवर होते आणि तिची धडधड त्याला कळत असणार. शेवटी तो म्हणाला, "जखम तू पाहिलीस. तूच सांग."

मी नागपूर म्हणालो.

पिंजरा आला, मी जखम धुऊन बांधली, गाडी निघाली. मादी शिट्टी मारतच होती. गाडी पाळीवरून पलीकडे उतरली तरी काही वेळ ती ऐकू येत होती. मग पुनाबाईला मी गाडीत बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे रेबीजची सुई टोचताना ती ओरडली नाही. परत येताना मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लेकुरवाळी होती."

नंतरचे दिवस

संध्याकाळी नर आला. तळ्याच्या मध्यावर थांबून शिट्ट्या मारत फिरला. मग एक मासा तोंडात धरून मुळांकडे गेला. आम्ही पाळीवर श्वास रोखून बसलो होतो. तो आत गेला आणि रिकाम्या तोंडाने बाहेर आला. वासुदेवने पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली. मला इतकं हलकं वाटलं की रात्री मी दोनदा भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशीही त्याने मासे नेले. पिल्लं काठावर आली, आईला हाक मारत इकडून तिकडे फिरली, पण खाल्लं त्यांनी.

मग रविवार आला. जाळ्यातल्या मादीचा कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता आणि तो या फोनवरून त्या फोनवर फिरत तालुक्यात पोचला होता. सकाळपासून मोटरसायकली यायला लागल्या. मग गाड्या. माणसं चांगलीच होती. जनावराची दया येऊन आलेली. बायकांनी पिल्लांसाठी पिशव्यांतून दूध आणलं होतं. पण सगळ्यांना पिल्लं बघायची होती. अर्जुनाच्या मुळांशी वाकून लोक मोबाइलचा उजेड आत टाकत होते. मंदा एकटी हात जोडून सगळ्यांना मागे सारत होती. वासुदेव ओरडून ओरडून घोगरा झाला. पुनाबाईने डोंगा आडवा लावून पाण्याकडची बाजू अडवली आणि जवळ येणाऱ्याला बांबू दाखवला. मी एका कुटुंबाला समजावत होतो की गर्दीने नर जवळ येणार नाही. ते म्हणाले, "बस, एक फोटो."

नर दिवसभर पाण्याच्या मधोमध होता. तोंडात मासा. येई, माणसं दिसली की वळे. दुपारी मासा त्याच्या तोंडातून सुटला.

सोमवारी पहाटे गेलो तर तळं गप्प होतं. बिळाच्या तोंडाशी दुधाची रिकामी पिशवी पडली होती. मंदाने नाल्याच्या ओल्या वाळूत पावलं शोधून काढली. एक मोठ्याची ओळ आणि तिच्या आजूबाजूला लहान. ती ओळ नाल्याने जंगलाकडे चढत गेली होती. किती पिल्लं होती ते नीट लागेना. आम्ही वाकून वाकून बघत होतो, तीन का दोन, असं एकमेकांना विचारत. वळणापुढे गावच्या म्हशी पाण्यावर उतरल्या होत्या आणि सगळी वाळू खुरांनी तुडवली गेली होती. तिथून पुढे काही नाही.

दोन दिवसांनी मी कराडला परतलो. निरोप देताना वासुदेव मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुन्हा कोहमारा

होळी होऊन गेल्यावर मंदाचा फोन आला. मादी बरी झाली होती. दोन बोटं काढावी लागली, पण पोहते, मासे पकडते. तिला तिच्याच तळ्यात सोडायचं ठरलं होतं. "सर, तुम्ही येता का?"

मी नागपूरपर्यंत रेल्वेने गेलो आणि तिथून पिंजऱ्याच्या गाडीमागोमाग निघालो. तोच हमरस्ता, तोच फाटा. पण आता शेतं उघडी पडली होती आणि मोहाच्या झाडाखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. गाडीत अधूनमधून तिचा फुत्कार ऐकू यायचा. पंजा मी बघितला होता. टाके उत्तम बसले होते. डॉक्टर म्हणून मला आनंद व्हायला हवा होता.

तळं आटून निम्म्यावर आलं होतं. अर्जुनाची मुळं पूर्वीपेक्षा जास्त उघडी. यावेळी गावाने कोणाला कळवलं नव्हतं. वासुदेव, लतावहिनी, मंदा, पुनाबाई आणि आम्ही गाडीतले. पुनाबाईने गेला महिनाभर त्या बाजूला जाळं नेलंच नव्हतं, असं वहिनी म्हणाल्या. तिच्या हातावरचे दातांचे वण काळे पडले होते.

दार उघडलं. मादी क्षणभर उंबऱ्यावर थांबली, नाक वर करून वास घेतला आणि पाण्यात शिरली. सरळ अर्जुनाकडे. इकडे तिकडे न वळता. मुळांत गेली. आम्ही सगळे उभे होतो. ती बाहेर आली, दुसऱ्या बाजूने पुन्हा आत गेली. परत बाहेर आली आणि शिट्टी मारली. मग मान स्थिर ठेवून ऐकत राहिली.

त्या दिवशी तिने सगळा काठ पालथा घातला. नाल्याच्या तोंडापर्यंत जाई, शिट्टी मारी, ऐके आणि परत फिरे. नाला कोरडा पडला होता. वासुदेव हलक्या आवाजात म्हणाला, "तू नागपूर म्हणाला नसतास तं आज ही जिवंत नसती." तो मनापासून बोलत होता. मला मान हलवता आली नाही. ती जिवंत राहून काय शोधत होती, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या सकाळी मी निघणार होतो. त्याआधी वासुदेव, पुनाबाई आणि मी पाळीवर गेलो. ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. मादीने उथळात एक मोठी मरळ धरली. तीन बोटांच्या पंजानेही छान धरली. आता ती वाळूवर येऊन डोक्यापासून खायला सुरुवात करील, अशी आम्ही वाट बघत होतो. तिने मरळ खाल्ली नाही. तोंडात धरून ती अर्जुनाकडे पोहत गेली आणि मुळांच्या आत शिरली.

बराच वेळ ती आत होती. मग मासा तसाच तोंडात घेऊन बाहेर आली. तिने तो काठावर ठेवला, पाण्यात उतरली आणि तळ्याच्या मधोमध जाऊन शिट्टी मारू लागली.

पुनाबाईने तोंडाला पदर लावला. मरळ अजून तडफडत होती. थोड्या वेळाने एक बगळा उतरला, दोन पावलं पुढे आला, मान वाकडी करून माशाकडे बघू लागला. मादीने वळून बघितलं. ती त्याच्या अंगावर धावून गेली नाही.